एफ्टेलिंगचा एक दिवस: आजी-आजोबा आणि लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये, विशेषतः आइंडहोव्हन, व्हेल्डहोव्हन किंवा आम्स्टलव्हेनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळा आला की एक प्रश्न हमखास निघतो. भारतातून आईबाबा आले आहेत, घरात लहान मूल आहे, तर सगळ्यांना आवडेल असे एका दिवसात कुठे जाता येईल? या प्रश्नाचे माझे उत्तर गेली काही वर्षे एकच आहे: नॉर्ड-ब्राबांट प्रांतातील कात्सह्यूव्हल या गावी असलेले एफ्टेलिंग हे मनोरंजन उद्यान. मी तिथे पाच वेळा गेले आहे. पहिल्या खेपेला एका रोलरकोस्टरच्या रांगेतून दुसऱ्या रांगेत इतकी धावपळ केली की सासूबाई दिवसभर बाकावर पिशव्या सांभाळत बसल्या आणि मुलगी घरी परतताना रडवेली झाली होती. पुढच्या खेपांना जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एफ्टेलिंग हे राइडचे उद्यान म्हणून जन्माला आलेले नाही, ते गोष्टींचे रान म्हणून जन्माला आले. ३१ मे १९५२ रोजी ते उघडले तेव्हा तिथे चित्रकार अँटन पीक यांनी रेखाटलेले आणि पेटर रैंडर्स यांनी यांत्रिक करामतींनी जिवंत केलेले दहा परीकथांचे देखावे होते. पायथन हे पहिले मोठे रोलरकोस्टर तिथे आले ते थेट १९८१ मध्ये. दिवसाची आखणी करताना हा क्रम डोक्यात ठेवला, तर घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माणसालाही दिवस आपला वाटतो.

१. दिवस निवडणे

एफ्टेलिंग वर्षभर उघडे असते, त्यामुळे खरा प्रश्न गर्दीचा आहे. इथल्या शाळांच्या सुट्ट्या उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन विभागांत वाटलेल्या आहेत. नवीन माणसे आपल्या मुलाच्या शाळेची सुट्टी पाहून दिवस ठरवतात आणि शेजारच्या विभागाची सुट्टी त्याच आठवड्यात आहे की नाही हे पाहायचे राहून जाते. शिवाय बेल्जियमची सीमा जवळ असल्याने तिथल्या शाळांच्या सुट्ट्यांतही उद्यान भरून जाते. मी एकदा ऑक्टोबरच्या शरद सुट्टीत गेले. ती निवड सर्वस्वी माझी चूक होती, आणि दिवसभरात आमच्या वाट्याला जेमतेम चार राइड आल्या.

मधल्या वारांपैकी मंगळवार आणि गुरुवार मला सर्वांत निवांत वाटले. बुधवारी अनेक शाळा दुपारी सुटतात, म्हणून दुपारनंतर गर्दी वाढते. मात्र इथे एक सापळा आहे. नेदरलँड्समध्ये पाच वर्षांच्या मुलाला शाळा कायद्याने सक्तीची आहे आणि परवानगीशिवाय शाळा बुडवून फिरायला नेल्यास पालकांना दंड होऊ शकतो. भारतात एखाद दिवस दांडी मारली तर कुणी फारसे मनावर घेत नाही, तशी सवलत इथे गृहीत धरू नये. यावरचा सरळ मार्ग म्हणजे शाळेच्या वार्षिक वेळापत्रकात ‘स्ट्यूडीदाख’ शोधणे. त्या दिवशी शिक्षकांचे प्रशिक्षण असते, तुमच्या मुलाला सुट्टी असते आणि बाकीच्या बहुतेक शाळा चालू असतात. असा दिवस हाती लागला तर तो इतर कशासाठीही खर्च करू नका.

ऋतूबद्दल थोडेसे. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून दिवस हवा तितका लांबवता येतो. हिवाळ्यात झाडांवर दिव्यांची रोषणाई असते, जागोजागी शेकोट्या पेटवलेल्या असतात आणि परीकथांचे रान त्या उजेडात फार सुंदर दिसते. मात्र डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि भिजवणाऱ्या काही राइड बंद असतात. भारतातून आलेल्या ज्येष्ठांसाठी मे-जून किंवा सप्टेंबर बरा.

२. तिकीट काढणे

तिकीट उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आणि विशिष्ट तारखेसाठी काढावे. दर तारखेनुसार बदलतात, त्यामुळे दोन-तीन तारखा ताडून पाहिल्या तर पाच माणसांच्या कुटुंबाचा बराच पैसा वाचतो. चौथा वाढदिवस झालेला नसेल तर मुलाला तिकीट लागत नाही. गाडीने जाणार असाल तर पार्किंगचे पैसे वेगळे पडतात, आणि तेही तिकिटाबरोबरच भरून टाकणे सोयीचे.

पैसे भरण्यापूर्वी संकेतस्थळावरील देखभालीचे वेळापत्रक जरूर पाहावे. नियोजित दुरुस्तीसाठी कोणती राइड कोणत्या काळात बंद राहणार हे तिथे आधी दिलेले असते. मुलाने महिनाभर जिचे नाव घेतले तीच राइड बंद निघाली, तर त्याची समजूत घालणे फार अवघड जाते.

३. आदल्या आठवड्यात गोष्टी सांगून ठेवणे

तयारीतली ही पायरी कुठल्याही प्रवासी पुस्तिकेत मला दिसली नाही, पण माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. रानातील देखाव्यांचे निवेदन मुख्यतः डचमध्ये चालते. ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याला भाषेची अडचण येत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला एक हलती बाहुली तेवढी दिसते. आमच्या पहिल्या भेटीत सासूबाईंचे नेमके तेच झाले.

दुसऱ्या वेळी आम्ही रोज झोपताना एक गोष्ट मराठीत सांगितली, तीही आजीला ऐकू जाईल अशी. हिमगौरी आणि सात बुटके, शंभर वर्षे झोपलेली राजकन्या, जंगलात वाट चुकलेले भाऊबहीण, आणि आजीच्या कपड्यांत पांघरुणाखाली पडून राहिलेला लांडगा. लांडग्याची गोष्ट ऐकून सासूबाईंनी लगेच भोपळ्यात बसून वाघाला चकवणाऱ्या म्हातारीची गोष्ट मुलीला सांगितली. आठवडाभर घरात ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ चालू होते. मग रानात लाल टोपीवालीच्या घरापाशी पोहोचलो, तेव्हा मुलीने आजीचा हात धरून तिला खिडकीशी ओढत नेले आणि आतला लांडगा दाखवत म्हणाली, “आजी, हिच्याकडे भोपळा नव्हता.” त्या दिवशी सासूबाईंनी पिशव्या सांभाळल्या नाहीत.

४. कागदपत्रे आणि सामान

- तिकिटांचे क्यूआर कोड, फोनवर आणि घरातल्या दुसऱ्या एखाद्या फोनवरही.
- ओळखपत्र. नेदरलँड्समध्ये चौदा वर्षांवरील प्रत्येकाला ते दाखवता आले पाहिजे. व्हिसावर आलेल्या आईबाबांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.
- नुसते टेकवून पैसे देता येणारे बँकेचे कार्ड.
- ज्येष्ठांच्या प्रवास विम्याची प्रत आणि दिवसभराची औषधे, मूळ वेष्टनासह.
- प्रत्येकाचा रेनकोट. झाडांखालच्या अरुंद वाटांवर आणि रांगांत छत्र्यांची फार अडचण होते.
- मुलांचा कपड्यांचा एक जादा जोड आणि दोन जादा मोजे.
- पॉवर बँक. नकाशा आणि प्रत्येक राइडचा प्रतीक्षावेळ उद्यानाच्या अॅपवर दिसतो, म्हणून दुपारपर्यंत फोन उतरतो.
- पाण्याच्या बाटल्या. इथले नळाचे पाणी पिण्याजोगे असते.

चपलांऐवजी सरावातले बूट घालण्याचा आग्रह ज्येष्ठांनाही धरा. आमच्या मोजणीनुसार एका दिवसात सात-आठ किलोमीटर सहज चालणे होते. गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअर आणि लहान मुलांसाठी ओढगाडी भाड्याने मिळते. आपल्याकडे व्हीलचेअर म्हटले की माणसे बिचकतात, म्हणून हा विषय घरीच आणि आपुलकीने काढावा. सासऱ्यांना मी इतकेच म्हटले की बाबा, सकाळी चाला, दुपारी बसा, म्हणजे संध्याकाळचा कारंज्यांचा खेळ राहणार नाही. ते लगेच तयार झाले.

५. पोहोचणे

एफ्टेलिंगला रेल्वेस्थानक नाही. आगगाडीने टिलबर्ग किंवा डेन बॉश गाठायचे आणि तिथून बस घ्यायची. बस प्रवेशद्वाराजवळ सोडते. आम्स्टरडॅमहून डेन बॉशला थेट गाडीने सुमारे तासभर लागतो. आगगाडी आणि बस दोन्हींत बँकेचे कार्ड टेकवून प्रवास करता येतो, मात्र प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे आणि चढताना टेकवलेलेच कार्ड उतरताना टेकवले पाहिजे. आईबाबांकडे इथले कार्ड नसेल तर त्यांची तिकिटे अॅपवर आधी काढून ठेवा. परतीची बस किती वाजेपर्यंत आहे हे सकाळीच पाहून ठेवा, कारण आम्ही एकदा हे पाहिले नाही आणि थकलेल्या मुलीला कडेवर घेऊन थांब्यावर बराच वेळ उभे राहिलो.

गाडीने येणाऱ्यांना टिलबर्ग आणि वालवैक यांना जोडणारा एन २६१ हा रस्ता थेट इथे आणतो. आइंडहोव्हनहून पाऊण तास धरावा. द्वार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचण्याचा नेम ठेवा.

६. पहिले दोन तास

गवताने शाकारलेल्या उंच टोकदार छपरांच्या प्रवेशद्वारातून आत शिरल्यावर फोटो काढण्यात वीस मिनिटे घालवू नका. ते संध्याकाळी परतताना निवांत काढता येतात. सकाळचे पहिले दोन तास रांगा सर्वांत लहान असतात आणि हा वेळ ज्या राइडची रांग पुढे वाढणार तिच्यासाठी वापरायचा.

तिन्ही पिढ्या एकत्र बसू शकतील अशा तीन राइड मी सकाळी घेते. पहिली ड्रोमव्ल्यूख्त, म्हणजे स्वप्नातले उड्डाण. वरून टांगलेल्या छोट्या पाळण्यात बसून आपण पऱ्यांच्या आणि बुटक्यांच्या रानातून तरंगत जातो. शेवटी पाळणा गोल गिरक्या घेत भराभर खाली उतरतो, एवढे मात्र ज्येष्ठांना आधी सांगून ठेवावे. दुसरी २०१७ मध्ये उघडलेली सिम्बॉलिका. पारदूस नावाचा विदूषक आपल्याला राजवाड्याच्या गुप्त दालनांत नेतो. संगीत, वीर आणि खजिना अशा तीन वेगळ्या वाटा आहेत. लहान मुलांसाठी संगीताची वाट घ्यावी. तिसरी फाता मॉर्गाना. होडीत बसून अरबी कथांतल्या नगरीतून, बाजारातून आणि तुरुंगातून जायचे असते. आत अंधार आहे आणि काही ठिकाणी एकदम मोठे आवाज येतात, म्हणून चार वर्षांखालच्या मुलाला मांडीजवळ धरून बसावे.

२०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेल्या दान्स मकाब्र या भुताटकीच्या राइडला गर्दी फार असते. घरात मोठी मुले असतील तर ती सकाळी आधी घ्या. लहानांना आणि ज्येष्ठांना तिथे नेऊ नये असे माझे मत आहे.

७. परीकथांचे रान

डचमध्ये याला स्प्रोक्येसबॉस म्हणतात. इथे किमान दोन तास ठेवा, आणि घड्याळ न पाहता ठेवा. रान मोठमोठ्या झाडांखाली पसरलेले आहे, वाटा वळणावळणाच्या आहेत आणि एखादा देखावा चुकला तर परत फिरून शोधण्यातही मजा आहे. लाल टोप्यांच्या मोठाल्या भूछत्रांतून संगीत येते. मुलांना कान लावून ऐकू द्या. झोपलेल्या राजकन्येच्या किल्ल्यात तिची छाती श्वासासरशी हलते. ते दिसायला क्षणभर थांबावे लागते, आणि पुष्कळ लोक न थांबताच पुढे निघून जातात. लांगनेक, म्हणजे लांबमान्या, बसल्या जागेवरून मान उंच करत झाडांच्या फांद्यांपर्यंत नेतो आणि पुन्हा खाली आणतो. हा १९५२ च्या पहिल्या दहा देखाव्यांपैकी एक आहे.

भारतीय पाहुण्यांना दोन देखावे आवर्जून दाखवावेत. एक उडता फकीर. तो बासरी वाजवतो, जमिनीतून ट्यूलिप वर येतात, आणि मग तो गालिच्यावर बसून एका मनोऱ्यातून दुसऱ्या मनोऱ्यात जातो. फकिराच्या बासरीवर हॉलंडची ट्यूलिप फुललेली पाहून सासरे इतके खूश झाले की आम्ही तो देखावा ओळीने तीन वेळा पाहिला. दुसरा १९६६ मध्ये उघडलेला ‘भारतीय कमळे’ हा देखावा. नाव आपल्या देशाचे असले तरी गोष्ट बेल्जियमची राणी फाबिओला हिने लिहिलेली आहे. अंधाऱ्या गुहेसारख्या दालनात बेडूक आणि पक्षी वाद्ये वाजवतात, पाण्यावरची कमळे उमलतात आणि त्यांतून पऱ्या नाचू लागतात.

सावधगिरी एकाच ठिकाणी बाळगावी. काड्यापेट्या विकणाऱ्या मुलीची गोष्ट एका छोट्या रंगभूमीवर दाखवतात. ती फार सुंदर आहे, पण ती थंडीत एकट्या पडलेल्या मुलीच्या मृत्यूची आणि तिला भेटायला आलेल्या तिच्या आजीची गोष्ट आहे. घरात नुकतेच कुणी गेले असेल किंवा मूल हळवे असेल, तर आत जाण्यापूर्वी विचार करा. आम्ही आमच्या मुलीला ती सहाव्या वर्षी दाखवली आणि त्यानंतर तिच्याशी बराच वेळ बोलावे लागले.

आणि खैस. होले बोले खैस हा मोठ्या तोंडाचा, गोल पोटाचा माणूस खरे तर कचऱ्याची पेटी आहे. तो सारखा ‘पापीर हीर’, म्हणजे कागद इकडे, असे ओरडत असतो. तोंडाजवळ कागद नेला की हवा तो हातातून ओढून घेते आणि वर खैस ‘डांक यू वेल’ असे आभार मानतो. उद्यानात असे अनेक खैस आहेत. आमच्या मुलीने दशम्यांभोवती गुंडाळलेले कागदी रुमाल त्याला एकेक करून भरवले, ते संपल्यावर वाटेवर पडलेले कागद वेचले, आणि अखेर आजोबांच्या खिशातले आगगाडीचे वेळापत्रकही देऊ केले. कागद जादा न्या. प्लास्टिक आणि खाऊ त्याच्या तोंडात टाकू नये हे मुलांना आधी समजावून सांगा.

८. जेवण

घरचा डबा आत नेता येतो आणि बसायला बाके आहेत. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी असे न सांडणारे पदार्थ न्यावेत. विकत घेताना शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावे की क्रोकेट आणि फ्रिकांदेल यांत मांस असते, काससूफ्ले हा चीजचा तळलेला पदार्थ आहे, आणि पानेनकूक म्हणजे डच धिरड्यांत अंडे असते. ‘व्हेखेतारिस’ हा शब्द विचारण्यापुरता पाठ करून ठेवा, पण अंडे चालत नसेल तर ते वेगळे सांगा, कारण इथे शाकाहारात अंडे धरले जाते. जेवायला साडेअकराला किंवा दोननंतर बसा.

९. मोठ्या राइड आणि उंचीची अट

मुलाची उंची घरीच मोजून जा. बॅरन १८९८ या रोलरकोस्टरसाठी १३२ सेंटिमीटर, पायथनसाठी १२० आणि योरिस व ड्रॅगन या लाकडी रोलरकोस्टरसाठी ११० सेंटिमीटर उंची लागते. यात सूट मिळत नाही आणि कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. ती अट मुलाच्या जिवासाठी आहे. तासभर रांगेत उभे राहून तोंडाशी परत फिरलेली मुले मी पाहिली आहेत, आणि ती निराशा टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

बॅरनमध्ये गाडी ३७.५ मीटर खोल, थेट खाणीच्या तोंडात कोसळते. पायथन चार वेळा उलटे करते. योरिसमध्ये पाणी आणि अग्नी अशा दोन गाड्यांची शर्यत लागते आणि शेवटी विजेता जाहीर होतो. रोलरकोस्टरची सवय नसेल तर सुरुवात इथून करावी. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर या तिन्हींपासून दूर राहा. व्हिला व्होल्टा बाहेरून साधे घर वाटते, पण आत खोलीच फिरल्याचा भास होऊन गरगरते, हेही ज्येष्ठांना सांगून ठेवा.

लहान मूल सोबत असेल तर ‘बेबी स्विच’ची सोय विचारा. एक पालक बसून येईपर्यंत दुसरा मुलाजवळ थांबतो आणि मग पुन्हा रांग न लावता त्याला बसता येते. काही राइडना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी, जलद रांगही असते. तोवर आजी-आजोबांना तळ्यावरच्या गॉन्डोलेटा होड्यांत, वाफेच्या आगगाडीत किंवा पॅगोडात बसवावे. पॅगोडा हे उडते मंदिर ४५ मीटर उंच जाते आणि तिथून संपूर्ण रान आणि आसपासचा सपाट प्रदेश दिसतो.

१०. संध्याकाळ

बंद होण्याच्या आधीचा एक तास पुन्हा रांगा कमी होतात. सकाळी जी राइड सर्वांना सर्वांत आवडली ती या वेळी परत घ्या, नवीन काही शोधू नका. त्यानंतर अक्वानुरा, म्हणजे तळ्यावरचा पाण्याचा, प्रकाशाचा आणि अग्नीचा खेळ. त्याची वेळ अॅपवर सकाळीच पाहून ठेवा आणि पंधरा मिनिटे आधी जाऊन ज्येष्ठांना पुढे जागा मिळवून द्या. वाऱ्याच्या दिशेला उभे राहिल्यास तुषार अंगावर येतात, म्हणून मुलाला आधीच जाकीट घाला.

खेळ संपल्याबरोबर सगळी गर्दी एकाच वेळी बसथांब्याकडे आणि पार्किंगकडे निघते. परतीच्या बसला वेळ असेल तर वीस मिनिटे तिथेच बसून राहा. सकाळी राहिलेले प्रवेशद्वाराचे फोटो तेव्हा काढता येतात, आणि उरलेले कागद खैसला देता येतात.